घरचा प्रश्न

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. काउंटरवरच्या पोरानं सहज विचारलं, "बाई, विषय कुठला होता तुमचा?"

"अर्धमागधी."

"अर्धीच? मग उरलेली कोण शिकवायचं?"

मी काही हसले नाही. नोकरीची सगळी वर्षं हा विनोद ऐकत आले. लग्नाच्या पंगतीत ऐकला, एसटीत ऐकला, आणि आमच्या स्टाफरूममध्ये तर दर जूनला नवा शिक्षक आला की हमखास ऐकला. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. त्या पोरालाही तसंच वाटलं असणार, म्हणून मी सही केली आणि बाहेर पडले.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्धमागधी ही प्राकृत भाषांमधली एक. जैनांचे जुने ग्रंथ तिच्यात आहेत. आमच्या कोल्हापूर भागात जैन शेतकरी आणि व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत, त्यामुळं इथल्या काही हायस्कुलांत संस्कृतच्या जोडीला हाही विषय घेता यायचा. मी स्वतः तसल्याच घरातली, कागल तालुक्यातली. पण माझ्या वर्गात जैनांची मुलं थोडीच असायची. 'संस्कृत झेपणार नाही' असा शिक्का बसलेली सगळी मुलं माझ्याकडं पाठवली जायची. मराठ्यांची, लिंगायतांची, मुसलमानांची, कुणाचीही. आमचं हायस्कूल अनुदानित, पेठेतलं, पोरं गल्लीबोळातली. घरात हाय-न्हाय बोलायची आणि शाळेत त्यावरनं शिव्या खायची.

मला तीच पोरं हवी असायची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहायची, हत्थ, कण्ण, दुद्ध. आणि विचारायची, काय असेल रे हे? कुणी न सांगता ती म्हणायची, हात, कान, दूध. मग मागच्या बाकावरनं कुणीतरी बोलायचं, "बाई, ही तर आमचीच भाषा हाय की." त्या एका वाक्यासाठी मी दर वर्षी जूनची वाट बघायची.

आता माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. ती मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. माझ्या वडिलांना त्यांच्या गावच्या पंडितांनी असं शिकवलेलं, त्यांनी मला घरी शिकवलं, मी शाळेत आणलं. धडा म्हणजे बहुतेक वेळा एक गोष्ट असायची. राजा, चोर, व्यापारी, मुनी. शनिवारी ती मी मोठ्यानं वाचायची, मुलांच्या वह्या बंद. अर्थ समजला की प्रत्येकानं ती गोष्ट घरी जाऊन आपल्या बोलीत कुणालातरी सांगायची. शक्यतो शाळा न शिकलेल्या माणसाला. ऐकणारं माणूस गोष्टीवर जो काही प्रश्न विचारेल, तो सोमवारी वर्गात घेऊन यायचा. ह्याला आम्ही 'घरचा प्रश्न' म्हणायचो. मग त्या प्रश्नासाठी पुन्हा मूळ धड्यात शिरायचं, एकेक शब्द उचलून बघायचा, उत्तर कुठं दडलंय का. नसलं तरी माझी हरकत नसायची. शोधता शोधता धडा पाठ होऊन जायचा, ते वेगळंच.

काय एकेक प्रश्न यायचे म्हणता! एका गोष्टीत चोर भर रात्री नगरात शिरतो. एका पोराच्या आत्यानं विचारलं, "आन् कुत्री न्हाईत व्हय त्या गावात?" राजानं नगरासाठी मोठी विहीर बांधली, ह्या गोष्टीवर नगरपालिकेत पाणी सोडणाऱ्या एका बापानं विचारलं, "बांधली खरं, गाळ कोण काढायचं?" दोन हजार वर्षांपूर्वीची ती भाषा पेठेतल्या स्वयंपाकघरात जाऊन यायची आणि येताना काहीतरी घेऊन यायची. त्या सोमवारच्या तासाला मी स्वतः इतकी उत्सुक असायची की सकाळचा चहासुद्धा घाईत घ्यायची.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. मागं बसून त्यांनी तासभर ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "उपक्रम छान आहे, बाई. पण ह्याचं मूल्यमापन कसं करता?"

मी म्हटलं, "साहेब, पोरं प्रश्न आणतात, हेच."

"ते ठीक आहे. पण गुण कशाला देता?"

मी फळा पुसायला घेतला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वर कुणाला तरी आकडे द्यायचे असायचे.

छाया पोवार माझ्याकडं आली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आठवीत. आई नव्हती, वडील साखर कारखान्यात हंगामी, सांभाळायची ती आजी. आजीला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्काच्या दोन म्हशी होत्या. संध्याकाळी चौकात म्हशी उभ्या करून ती गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार काढून द्यायची. जिभेला हाड नाही, गिऱ्हाईक असो नाहीतर पोलीस. छाया मात्र अबोल. पण घरचे प्रश्न तिच्याकडनं यायचे ते सगळ्यात झोंबरे, कारण विचारणारी आक्का होती.

दहावीत आम्हाला एक धडा होता. एक श्रीमंत व्यापारी मुनींचा उपदेश ऐकतो आणि त्याच दिवशी सगळं वाटून टाकतो. घर भावाला, गुरं गड्यांना, धान्याचं कोठार गावाला. आणि संध्याकाळच्या आत तो वनाकडं निघून जातो. त्यागाचा महिमा, असा धडा. छायानं तो आक्काला धारेच्या वेळी सांगितला. सोमवारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आक्का विचारती, सगळं वाटून टाकलं, मग त्याच्या बायकोनं त्या दिवशी सांच्याला काय रांधलं?"

वर्ग हसला. मी नाही हसले. आम्ही धडा तीन तास उलटापालटा केला. व्यापाऱ्याला बायको होती, एका ओळीत तिचा उल्लेख होता, ती रडली असं होतं. पुढं काही नाही. एक मुलगा म्हणाला, कोठारातलं थोडं मागं ठेवलं असेल. दुसरी म्हणाली, मग तो त्याग कसला? त्यावरनं जी जुंपली! मुली एका बाजूला, मुलं एका बाजूला, आणि सगळी भांडणं धड्यातली वाक्यं तोंडावर फेकून. मूळ अर्धमागधी वाक्यं, बरं का. उत्तर मिळालं नाही. पण त्याग ह्या शब्दाचं वजन त्या पोरांना त्या दिवशी जेवढं कळलं, तेवढं मला माझ्या एम.ए.च्या वर्गातही कळलं नव्हतं.

ह्याच सुमारास हवा बदलत होती. अर्धमागधीला मार्क भरपूर पडतात, हे शहराला कळलं. उत्तरं मराठीत लिहायची, धडे ठरलेले, प्रश्नही फिरून फिरून तेच. बघता बघता माझा वर्ग भरायला लागला. जी हुशार मुलं पूर्वी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती ती संस्कृत सोडून येऊ लागली. बाजारात गाईड आलं. स्टाफरूममध्ये सगळे माझं अभिनंदन करायचे आणि मी डबा उघडून तसाच बंद करायची.

एक पालक आले होते, लोखंडाचे व्यापारी, गडहिंग्लजकडचे. मुलगा पहिल्या पाचातला. मला म्हणाले, "बाई, रागावू नका. पोरगं आमच्या अव्वाला, म्हंजी आज्जीला, गोष्ट सांगत बसतंय. तिला धड मराठी न्हाय, कन्नडच बोलती. तिचा प्रश्न परीक्षेला येणार हाय का?"

"नाही येणार."

"मग कशापायी पोराचा येळ खाताय? गाईडातलं घ्या की करून."

मी त्यांना धडा, भाषा, सगळं समजावून सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नमस्कार करून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापक देसाई सर. सज्जन गृहस्थ, निकालाची टक्केवारी हाच एक ध्यास. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा वर्ग भरलाय तर तुमची जागा टिकलीय. पटसंख्या कमी झाली की तुम्ही अतिरिक्त ठराल, मग कुठल्या शाहूवाडीच्या टोकाला पाठवतील सांगता येत नाही. आणि तुमच्यानंतर इथं हा विषयच राहणार नाही. विचार करा."

विचार काय करणार? ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. वर्ग राहिला तर विषय राहणार आणि वर्ग राहायचा तर गाईड हवं. मी मधला मार्ग काढला. मंगळवार ते शुक्रवार प्रश्नोत्तरं, शनिवार-सोमवार माझे. दोन डगरींवर पाय, दुसरं काय.

त्या वर्षी शहरातल्या शाळांनी मिळून दहावीची पूर्वपरीक्षा घेतली. पेपर एकमेकांच्या शाळेत तपासायला जायचे. प्रश्न आला, 'व्यापाऱ्याने केलेल्या त्यागाचे महत्त्व स्पष्ट करा.' छायानं गाईडातले सगळे मुद्दे लिहिले, एकही सोडला नाही. आणि खाली लिहिलं, 'पण त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने काय रांधले ते धड्यात दिलेले नाही. ते दिले असते तर त्याग कुणी केला ते नक्की सांगता आले असते.'

पेपर परत आला तेव्हा त्या ओळींवर लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द, विषयांतर. गुण निम्म्यावर आणले होते. मी तो पेपर हातात घेऊन स्टाफरूममध्ये बसले. एवढ्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं लिहिलेल्या उत्तराचा मला इतका अभिमान वाटला नव्हता, आणि इतका संतापही कधी आला नव्हता. देसाई सरांकडं गेले, त्या दुसऱ्या शाळेत पत्र पाठवा म्हटलं. ते म्हणाले, "बाई, पूर्वपरीक्षा आहे. मुलीला सांगा, बोर्डात असलं काही लिहू नको. विषय संपला."

विषय संपला नव्हता. छायानं घरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आक्का शाळेत आली. हातात रिकामी किटली, पदर खोचलेला. शिपाई अडवत होता तर त्याला बाजूला करून सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत. मला तिथं बोलावणं आलं.

"पोरीचं मार्क माझ्यामुळं गेलं म्हंत्यात. म्हणून आलो," आक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात. "काय वंगाळ इचारलं मी? सांगा की."

देसाई सरांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. सर म्हणाले, "आजी, तुमचं काही चुकलं नाही. पण पेपरात ते विचारलं नव्हतं ना. विचारलं तेवढंच लिहायचं असतं."

"मग इचारा की त्ये. तुमच्याच हातात हाय नव्हं पेपर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

फाटकापर्यंत मी आक्काला सोडायला गेले. वाटेत ती म्हणाली, "बाई, आमचा मालक असाच गेलता. कुठल्या तरी म्हाराजाच्या मागनं. रान भावाच्या नावावर करून. लई मोठं केलं म्हणून गावानं हार घातला त्येला."

मी विचारलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही काय रांधलंत?"

"कण्या. शेजारनं मागून आणल्या. मीठबी तिनंच दिलं. पोरं जेवली, सासू जेवली." किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली. "त्या येवपाऱ्याच्या बायकोला कुणी दिल्या का न्हाय, एवढंच इचारायचं हुतं मला. त्यात कसलं आलंय इषयांतर?"

बोर्डाच्या परीक्षेत छायानं विचारलं तेवढंच लिहिलं. उत्तम गुण पडले. पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, पुढं प्राकृतच घे, एम.ए. कर. मी जाईन तेव्हा ही जागा तुझी. तिनं मान डोलावली. अबोल मुलगी, एकदा मान डोलावली म्हणजे डोलावली. बी.ए. केलं, एम.ए. केलं, बी.एड. केलं. मधल्या काळात आक्काच्या म्हशी गेल्या, मग आक्काही गेली. छाया आधी तासिका तत्त्वावर, मग शिक्षणसेवक, असं करत करत आमच्याच शाळेत आली. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तिनं मला साडी दिली. सगळे म्हणाले, बाईंचा वारसा चालला. मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी मी फार आनंदात घरी गेले.

माझ्या शेवटच्या वर्षांत घरचा प्रश्न जवळजवळ बंद पडला होता. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. सत्तरेक पोरं वर्गात. शनिवारी मी गोष्ट वाचायची, सोमवारी दोघंतिघं प्रश्न आणायची, तेही धड्याखालचेच उतरवून आणलेले. मी ओळखायची. घरी विचारलंच नव्हतं कुणाला. कुणी म्हणायचं, आजी टीव्ही बघत होती. माझा राग पोरांवर नव्हता. पण छाया तरुण आहे, ती पुन्हा सुरू करील, ही एक आशा मी धरून ठेवली होती.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी छायानंच मला बोलावलं. म्हणाली, "बाई, दहावीच्या वर्गाला एक तास घ्या. तुमच्या आवाजात गोष्ट ऐकू दे पोरांना." गेले. नवी बाकडी, नवा फळा, वर्ग तुडुंब. पुस्तक नवं होतं, पण तो व्यापाऱ्याचा धडा तसाच होता. मी वह्या बंद करायला सांगितल्या आणि मोठ्यानं वाचला. पोरं चिडीचूप. वाचून झाल्यावर नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. "हो बाई. सर्वस्वाचा त्याग केल्यावर त्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पत्नीने काय रांधले?"

माझ्या काळजात लख्ख झालं. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू. मी मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या छायाकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"फार चांगला प्रश्न," मी म्हटलं. "बाळ, घरी कुणी विचारला?"

मुलगी गोंधळली. पण तिनं उत्तर द्यायच्या आत सगळा वर्ग एका सुरात म्हणून मोकळा झाला, "व्यापाऱ्याच्या पत्नीने त्या संध्याकाळी काहीही रांधले नाही, कारण पतीप्रमाणे तिनेही त्यागाचा मार्ग स्वीकारला."

दोन गुणांचा प्रश्न होता तो. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये छायानं मला सगळं सांगितलं. शहरातल्या शाळांनी मिळून प्रश्नपेढी करायची ठरवली, अर्धमागधीसाठी हिला कमिटीवर घेतलं. "आक्का म्हणाली नव्हती का, पेपरात घाला म्हणून," ती म्हणाली. "मी भांडून घातला, बाई. एवढा एकच प्रश्न माझा आहे त्यात."

"आणि उत्तर?"

"उत्तराशिवाय प्रश्न घेत नाहीत. कमिटीनं दिलं ते."

"पण धड्यात तसं कुठं आहे, छाया? ती रडली, एवढंच आहे."

"ठाऊक आहे मला." ती कपातला चहा उगीच ढवळत बसली. "दुसरं काही लिहिलं की गुण जातात, बाई. ते मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. पोरांचे कसे घालवू मी? आणि वर्ग बघितलात ना? एक जागा रिकामी नाही."

आमची जागा तिनंच टिकवली होती. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि निघाले. शिकवण्यासारखं माझ्याजवळ जे काही होतं ते सगळं मी ह्या मुलीला दिलं होतं, आणि तिनं त्यातलं जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं होतं. मला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं.

जिन्यापाशी आले तर ती मघाची मुलगी पळत मागं आली. मला वाटलं, आता विचारील. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, आमचं उत्तर बरोबर होतं ना?"

खाली फाटकात आले. आक्का इथंच किटली ह्या हातातनं त्या हातात घेऊन उभी होती. त्या संध्याकाळी कण्या शिजल्या होत्या, शेजारणीनं दिलेल्या, मीठही तिचंच. पोरं जेवली, सासू जेवली. मला ठाऊक आहे, छायाला ठाऊक आहे. आणि त्या मुलीला मी जिन्यात म्हणून आले होते, "हो बाळ, बरोबर होतं."